सर्व्हर नव्याने टाकल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदलली: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हरवर विंडोज नव्याने टाकली आणि कालचा 'डी' आज 'ई' झाला. टॅलीला कंपनी सापडत नाही, बिलिंगचं सॉफ्टवेअर डेटाबेस नाही म्हणून अडून बसलंय, आणि काउंटरवर माणसं खोळंबलीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखानदार, मार्केट यार्डातल्या आडती, गणवेश शिवणारे, छोटी रुग्णालयं अशा सगळ्यांकडून हेच प्रश्न येतात. विंडोज सर्व्हर २०१२ आर-टूचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. तेव्हापासून जुनी मशीन्स २०१९ किंवा २०२२ वर नेण्याची कामं वाढली आणि हे प्रश्नही वाढले. खालची उत्तरं २०१२ ते २०२५ या सगळ्या सर्व्हर आवृत्त्यांना लागू आहेत. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगइन केलेलं आहे असं धरलंय.

आमचा डेटा गेला का?

फक्त अक्षर बदललं असेल, तर नाही. दुकानाची पाटी बदलली तरी आतला माल जागचा हलत नाही, तसंच हे आहे. धोका असतो तो घाबरून नंतर केलेल्या खटपटीत. त्यामुळे आधी पुढचे दोन प्रश्न वाचा, मगच माउसला हात लावा.

मग अक्षर बदललंच कसं?

'डी', 'ई', 'एफ' ही अक्षरं डिस्कवर लिहिलेली नसतात. ती विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंगच्या नोंदी ठेवते तिथे असतात, 'एचकेएलएम' खालच्या 'सिस्टम' मधल्या 'माउंटेडडिव्हायसेस' या ठिकाणी. जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कसाठी तिथे डिस्कची सही आणि पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) कुठून सुरू होतं तो आकडा ठेवलेला असतो. नव्या पद्धतीच्या जीपीटी डिस्कसाठी पार्टिशनचा जीयूआयडी, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक असतो. सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज टाकली की ही सगळी नोंद पुसली जाते. नवीन विंडोज समोर जे सापडेल त्याला सीपासून पुढे अक्षरं वाटत जाते. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखून ठेवण्याची पद्धत एमएस-डॉसच्या काळापासून चालत आलीय.

इन्स्टॉल करताना पेन ड्राइव्ह लावलेला राहिला किंवा डीव्हीडी ड्राइव्ह आधी सापडला, तर 'डी' तोच बळकावतो आणि तुमचा डेटा एक घर पुढे सरकतो. सोलापुरात पाहिलेल्या बहुतेक केसेसमध्ये कारण एवढंच निघालं.

काय अजिबात करायचं नाही?

डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर विंडोज स्वतःहून 'इनिशियलाइज डिस्क' असं विचारते. कॅन्सल करा. एखाद्या ड्राइव्हवर क्लिक केल्यावर 'फॉरमॅट करायचं का' असा प्रश्न आला, तरी कॅन्सल. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड कार्डाच्या मेनूत 'फॉरेन कॉन्फिगरेशन' दिसलं तर ते 'इम्पोर्ट' करायचं असतं, 'क्लिअर' नाही. नवीन अॅरे (डिस्कचा संच) तर मुळीच बनवायचा नाही. या चारपैकी एक जरी बटण चुकीचं दाबलं, तर जे काम पाच मिनिटांत झालं असतं त्यासाठी डेटा रिकव्हरीवाल्याचं दार ठोठवावं लागतं.

आधी सॉफ्टवेअर टाकायची की आधी अक्षरं दुरुस्त करायची?

आधी अक्षरं. यात दुमत नको. चुकीच्या अक्षरावर एसक्यूएल सर्व्हर, अँटिव्हायरस, बॅकअप असं सगळं टाकून झालं, की त्या प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये ते अक्षर जाऊन बसतं. मग एक नोंद बदलायच्या जागी दहा ठिकाणी शोधत फिरायची वेळ येते. विंडोज उभी राहिली, रेडचा ड्रायव्हर बसला, की दुसरं काहीही करण्याआधी ड्राइव्ह जागेवर आणा आणि एकदा रिस्टार्ट करा.

कुठल्या ड्राइव्हला कोणतं अक्षर होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आता कसं कळणार?

बहुतेक ठिकाणी हीच परिस्थिती असते, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर ऑफिसातच सापडतं.

पहिला पुरावा म्हणजे इतर कॉम्प्युटर. सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने काम करणाऱ्यांनी जुने स्क्रीनशॉट काढले होते का, ते विचारा. एका कारखान्यात स्टोअरवाल्याने कधीतरी व्हॉट्सअॅपवर एररचा फोटो पाठवला होता. फोटोत एररखाली, अॅड्रेस बारमध्ये, 'एफ' ड्राइव्ह आणि 'डिझाइन' फोल्डर स्पष्ट दिसत होतं. जॅकार्डच्या डिझाइन फाइली एफवर होत्या, एवढं त्या एका फोटोने पक्कं झालं.

दुसरा पुरावा डेटा ड्राइव्हवरच असतो. टॅली डीवर टाकलेली असेल तर तिच्या फोल्डरात 'टॅली डॉट आयएनआय' नावाची साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडा, 'डेटा' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत पूर्ण मार्ग दिसतो. बिलिंगच्या सॉफ्टवेअरची 'कॉन्फिग' फाइल, बॅकअपची लॉग फाइल, कुणीतरी बनवलेली 'बॅच' फाइल या सगळ्यांत जुनी अक्षरं जशीच्या तशी असतात.

तिसरा पुरावा सी फॉरमॅट न करता विंडोज टाकली असेल तरच मिळतो. तेव्हा 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर शिल्लक राहतं. त्यातल्या 'विंडोज', मग 'सिस्टम३२', मग 'कॉन्फिग' मध्ये जुन्या रजिस्ट्रीची 'सिस्टम' फाइल असते. रजिस्ट्री एडिटरमध्ये 'एचकेएलएम' निवडून 'लोड हाइव्ह' ने ती तात्पुरती उघडता येते. तिथे जुनी अक्षरं आणि त्यांचे जीयूआयडी दिसतात. पॉवरशेलमधल्या 'गेट-पार्टिशन' या आज्ञेला 'सिलेक्ट-ऑब्जेक्ट' ची जोड देऊन अक्षर आणि जीयूआयडी मागितले की आजच्या पार्टिशनांचे जीयूआयडी दिसतात, ते त्यांच्याशी ताडून बघा. रजिस्ट्रीत जीयूआयडीच्या पहिल्या तीन भागांतले बाइट उलट क्रमाने असतात, त्यामुळे पहिल्या नजरेत जुळत नाहीत. शेवटचे दोन भाग सरळ असतात, तेवढे जुळले तरी काम होतं.

एक मात्र पाळा. जुनी 'माउंटेडडिव्हायसेस' नोंद सगळीच्या सगळी नवीन विंडोजमध्ये इम्पोर्ट करू नका. त्यात जुन्या सीची नोंदही असते आणि त्यापायी सर्व्हर लॉगइनपर्यंतच येईनासा होऊ शकतो. तिथून फक्त वाचायचं, बदल हाताने करायचा.

डिस्क ०, डिस्क १ हे आकडे बघून ओळखलं तर चालेल?

नाही. हे आकडे कंट्रोलर आणि केबलच्या क्रमावर अवलंबून असतात आणि रिस्टार्टनंतर बदलू शकतात. ओळख पटवायची ती व्हॉल्यूमच्या नावाने, साइझने आणि आतली फोल्डर्स बघून. व्हॉल्यूमचं नाव मात्र डिस्कवरच लिहिलेलं असतं, विंडोज बदलली तरी ते टिकतं.

अक्षर बदलायची नेमकी पद्धत काय?

'रन' मध्ये 'डिस्कएमजीएमटी डॉट एमएससी' टाका. खालच्या भागात ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'चेंज', मग हवं ते अक्षर. विंडोज इशारा देते की काही प्रोग्रॅम चालणार नाहीत. नवीन विंडोजवर अजून काही टाकलेलंच नसेल तर बेलाशक 'येस' म्हणा.

अडचण येते ती हवं असलेलं अक्षर दुसऱ्याने घेतलेलं असतं तेव्हा. समजा डेटा 'ई' झालाय आणि 'डी' वर डीव्हीडी बसलीय. आधी डीव्हीडीला 'झेड' द्या. 'डी' मोकळा झाला, आता डेटाला 'डी' द्या. दोन डेटा ड्राइव्हची अदलाबदल झालेली असेल तर एकाला मध्ये तात्पुरतं 'टी' किंवा 'एक्स' असं रिकामं अक्षर द्यावं लागतं. टॅलीचा ड्राइव्ह ईवरून टीवर, फोटोंचा डीवरून ईवर, मग टॅलीचा टीवरून डीवर. हा क्रम आधी कागदावर लिहा. घाईत मधली पायरी विसरली की कोण कुठे गेलं हे आठवत बसावं लागतं.

आमच्याकडे सर्व्हर कोअर आहे, खिडक्या नाहीतच. तेव्हा?

'डिस्कपार्ट' आज्ञा द्या. मग 'लिस्ट व्हॉल्यूम'. समोर येणाऱ्या तक्त्यात व्हॉल्यूमचा क्रमांक, अक्षर, नाव, फाइल सिस्टम आणि साइझ असे रकाने दिसतात. साइझ आणि नाव दोन्ही जुळवून बघा आणि 'सिलेक्ट व्हॉल्यूम' लिहून पुढे तो क्रमांक द्या. शेवटी 'असाइन लेटर', बरोबरचं चिन्ह आणि हवं ते अक्षर. असलेलं अक्षर काढून टाकायचं असेल तर 'रिमूव्ह लेटर'. सगळ्या आज्ञा अर्थातच इंग्रजी कीबोर्डने.

डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' नावाचीही एक आज्ञा आहे. ती निवडलेल्या डिस्कवरची पार्टिशनं कुठलाही प्रश्न न विचारता उडवते. तिथे अंदाजाने काहीही टाइप करू नका. पॉवरशेलची सवय असेल तर 'सेट-पार्टिशन' ला जुनं आणि नवीन अक्षर दिलं की तेच काम होतं, आणि मला तो मार्ग जास्त सुरक्षित वाटतो, कारण कुठल्या ड्राइव्हवर काम चाललंय ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं.

बदलायला गेलं की 'पॅरामीटर इज इनकरेक्ट' येतं.

बहुधा त्या ड्राइव्हवर पेज फाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरते ती फाइल) आहे. सिस्टमच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमधून व्हर्च्युअल मेमरी फक्त सीवर ठेवा, रिस्टार्ट करा, मग अक्षर बदला.

विंडोज ज्यावर आहे त्याचंच अक्षर सी नाही. ते बदलता येईल?

त्या वाटेला जाऊ नका. रजिस्ट्रीत हजारो ठिकाणी ते अक्षर लिहिलेलं असतं. मायक्रोसॉफ्टही चालू विंडोजच्या ड्राइव्हचं अक्षर बदलायला पाठिंबा देत नाही. सर्व्हर इन्स्टॉलेशन मीडियावरून बूट करून पुन्हा टाका, डेटाच्या डिस्क तेवढ्या वेळ काढून ठेवा, म्हणजे विंडोज सीवरच बसते. रिकव्हरीच्या काळ्या पडद्यावर सी ऐवजी डी दिसत असेल तर मात्र काळजी नको. ती वेगळी, तात्पुरती विंडोज असते आणि तिची अक्षरं तिच्यापुरतीच असतात.

ड्राइव्ह मुळीच दिसत नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये काय लिहिलंय ते नीट वाचा, उत्तर त्या एका शब्दात असतं.

'ऑफलाइन' असेल तर बहुधा सर्व्हरचं सॅन धोरण आडवं आलंय. सर्व्हरच्या काही आवृत्त्यांत एसएएस, फायबर चॅनल, आयएससीएसआय अशा सामायिक मार्गावरच्या डिस्क मुद्दाम ऑफलाइन ठेवल्या जातात, कारण दुसरा सर्व्हर त्या वापरत असू शकतो. तुमच्याकडे तो एकच सर्व्हर असेल तर डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' करा. मात्र कारण म्हणून 'सिग्नेचर कोलिजन' लिहिलेलं असेल तर थांबा. जुन्या डिस्कची क्लोन कॉपी आणि मूळ डिस्क दोन्ही एकाच वेळी जोडलेल्या आहेत. त्यातली एक काढा.

'फॉरेन' लिहिलेलं असेल तर ती डायनॅमिक डिस्क आहे. 'इम्पोर्ट फॉरेन डिस्क्स' निवडा. 'कन्व्हर्ट टू बेसिक' निवडायचं नाही, त्याने आतले व्हॉल्यूम जातात.

डिस्क ऑनलाइन आहे, पार्टिशन 'हेल्दी' आहे, पण अक्षर नाही, तर ऑटोमाउंट (नव्या व्हॉल्यूमला आपोआप अक्षर देणं) बंद असण्याची शक्यता आहे. डिस्कपार्टमध्ये 'ऑटोमाउंट एनेबल' द्या किंवा अक्षर हाताने द्या. कुलूप दिसत असेल तर बिटलॉकर आहे आणि ४८ अंकी रिकव्हरी की लागणारच. स्टोरेज स्पेसेसचा पूल, म्हणजे विंडोजनेच एकत्र केलेल्या डिस्कचा गट, नव्या विंडोजवर बऱ्याचदा 'रीड ओन्ली' येतो. सर्व्हर मॅनेजरमधून तो लिहिण्यासाठी मोकळा करून व्हर्च्युअल डिस्क 'अटॅच' करावी लागते.

डिस्कच यादीत नसेल तर रेड कार्डाचा ड्रायव्हर नाही. सर्व्हर ज्या कंपनीचा आहे तिच्या साइटवरून तो आधी घ्या.

'सिस्टम रिझर्व्ह्ड' नावाचा एक छोटा ड्राइव्ह नव्याने दिसायला लागलाय.

त्याचं अक्षर काढून टाका. पार्टिशन मात्र डिलीट करू नका, बूटचा भाग त्यावर असतो.

अक्षर बरोबर आलं, फाइली दिसतात, पण उघडायला गेलं की 'अॅक्सेस डिनाइड'.

एनटीएफएसच्या परवानग्या डिस्कवरच राहतात, पण त्या माणसांच्या नावाने नसतात, एसआयडी नावाच्या लांबलचक क्रमांकाने असतात. जुन्या सर्व्हरवरचा स्थानिक 'अकाउंट्स' यूजर विंडोजबरोबर गेला. नवीन सर्व्हरवर त्याच नावाने यूजर केला तरी क्रमांक नवा असतो. 'सिक्युरिटी' टॅबमध्ये 'अकाउंट अननोन' दिसतं ते यामुळे. 'टेकओन' आज्ञेने मालकी घ्या आणि 'आयसीएसीएलएस' ने परवानग्या नव्याने द्या. सरसकट 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' देऊन मोकळं होण्याचा मोह टाळा. एका मशीनवर रॅन्समवेअर शिरलं तर तेवढ्या परवानगीवर सगळा सर्व्हर लॉक होतो. डोमेन (सगळ्या यूजरची एकच मध्यवर्ती नोंद) असेल आणि ती सांभाळणारा डोमेन कंट्रोलर दुसऱ्या मशीनवर असेल, तर डोमेनच्या यूजरना हा त्रास होत नाही.

परवानगी आहे तरी फाइली उघडत नसतील, तर जुन्या सर्व्हरवर 'डेटा डीडुप्लिकेशन' (सारखा डेटा एकदाच साठवणारं फीचर) चालू होतं का ते आठवा. ते फीचर नव्या विंडोजवर टाकल्याशिवाय त्या फाइली वाचता येत नाहीत. फाइली करप्ट झाल्या असं समजून लोक त्या उडवतात, आणि ते बघून जीव हळहळतो.

बाकीच्या कॉम्प्युटरवर काही बदलावं लागेल का?

सर्व्हरचं नाव आणि शेअरचं नाव जुनंच ठेवलं, तर काही नाही. दिवाणजींच्या कॉम्प्युटरवरचा 'झेड' ड्राइव्ह सर्व्हरच्या नावाने आणि शेअरच्या नावाने जोडलेला असतो. सर्व्हरच्या आत त्याला डी म्हणतात की ई, हे त्याला माहीतही नसतं. फक्त शेअर नव्याने करावे लागतात, कारण त्यांची यादीही रजिस्ट्रीतच होती. शेअरचं नाव अक्षरन् अक्षर तेच ठेवा.

टॅली?

अक्षर पूर्ववत झालं की जुना डेटा लगेच दिसतो. दिसला नाही तर कंपनी निवडताना डेटाचा मार्ग तपासा. आत १०००० सारख्या आकड्यांच्या नावाची फोल्डर्स असतात, त्यांच्या वरच्या फोल्डरचा मार्ग द्यायचा असतो. लायसन्स पुन्हा सुरू करावं लागेल, त्याचा ईमेल आणि पासवर्ड हाताशी ठेवा.

एसक्यूएल सर्व्हरवरचं बिलिंग कसं परत आणायचं?

डेटाबेसच्या एमडीएफ (डेटा) आणि एलडीएफ (लॉग) फाइली डेटा ड्राइव्हवर शाबूत असतात, पण नव्या एसक्यूएलला त्या ओळखीच्या नसतात. आधी दोन्ही फाइलींची कॉपी दुसरीकडे काढा. मग मॅनेजमेंट स्टुडिओत 'डेटाबेसेस' वर राइट क्लिक, 'अटॅच', आणि एमडीएफ निवडा. लॉग फाइलचा मार्ग जुन्या अक्षराने दिसत असेल तर तिथेच दुरुस्त करा. 'अॅक्सेस डिनाइड' आलं तर एसक्यूएलच्या सर्व्हिस अकाउंटला त्या फोल्डरवर परवानगी द्या. लॉगइन 'मास्टर' डेटाबेसमध्ये होते, ते नव्याने करून डेटाबेसमधल्या यूजरशी जोडावे लागतात. आणि एक: जुन्यापेक्षा खालच्या आवृत्तीच्या एसक्यूएलला डेटाबेस अटॅच होत नाही. तीच किंवा वरची आवृत्ती टाका.

अक्षर राहू दे, सॉफ्टवेअरच नव्या अक्षरावर वळवलं तर?

होतं, पण मी तो सल्ला देत नाही. शेड्यूल केलेला बॅकअप, एक्सेलमधल्या लिंक, कुणीतरी लिहून ठेवलेली बॅच फाइल असं काहीतरी राहून जातंच, आणि ते महिनाअखेरीला किंवा जीएसटी रिटर्न भरताना समोर येतं. 'सब्स्ट' आज्ञेने खोटा ड्राइव्ह बनवण्याची युक्तीही सर्व्हरवर टिकत नाही. ती त्या लॉगइनपुरती असते, रिस्टार्टनंतर जाते आणि पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सर्व्हिसना दिसत नाही.

पेन ड्राइव्ह किंवा बॅकअपची यूएसबी डिस्क लावली की पुन्हा गोंधळ होतो.

बॅकअपच्या डिस्कला 'एम' च्या पुढचं एखादं अक्षर कायमचं देऊन ठेवा. दोन डिस्क आलटून पालटून वापरत असाल तर दोन्ही एकेक करून लावा आणि दोन्हींना तेच अक्षर द्या. विंडोज सर्व्हर बॅकअपला पूर्ण डिस्क दिलेली असेल तर तिला अक्षर नसतंच. ते तसंच असायला हवं, मुद्दाम अक्षर देऊ नका.

मध्येच वीज गेली तर?

अक्षर बदलणं ही रजिस्ट्रीतली एक नोंद आहे, क्षणात होते. डायनॅमिक डिस्क इम्पोर्ट करताना, मालकी घेताना किंवा 'चेकडिस्क' चालू असताना मात्र यूपीएस हवाच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो आणि बॅटरी दगा देते, तेव्हा आधी ती किती मिनिटं टिकते ते बघून घ्या. शक्य असेल तर दिवाळीत किंवा सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत काम काढा. वीज गेल्यानंतर बूट होताना चेकडिस्क आपोआप सुरू झालं तर ते पूर्ण होऊ द्या, पॉवर बटण दाबू नका.

पुढच्या वेळी विंडोज टाकण्याआधी काय काढून ठेवायचं?

प्रत्येक व्हॉल्यूमला ओळखू येईल असं नाव द्या: 'डी-टॅली', 'ई-बिलिंग', 'एफ-डिझाइन'. अक्षर नावातच आलं की शोधाशोध उरत नाही. डिस्क मॅनेजमेंटचा फोटो मोबाइलवर काढा. रजिस्ट्रीतून 'माउंटेडडिव्हायसेस' एक्स्पोर्ट करा. 'लॅनमनसर्व्हर' खालचं 'शेअर्स' ही एक्स्पोर्ट करा. अक्षरं तीच ठेवली तर ही दुसरी फाइल नव्या सर्व्हरवर इम्पोर्ट करता येते आणि रिस्टार्टनंतर सगळे शेअर परत येतात. डेटाचा पूर्ण बॅकअप घेऊन त्यातली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. इन्स्टॉल सुरू करताना यूएसबी डिस्क काढून ठेवा, आणि जमत असेल तर डेटाच्या डिस्कही सुट्या करा. एक्स्पोर्ट केलेल्या फाइली सीवर ठेवू नका, सी तर फॉरमॅट होणार आहे.